विषाणूंच्या वाढीला अटकाव करणारे धागे

रोगजंतूंशी माणसाने चालविलेला लढा फार जुना असला, तरी त्या लढ्यातील खरी हत्यारे त्याच्या हाती आली ती गेल्या शंभर वर्षांतच. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लावला आणि पुढे प्रतिजैविक औषधांचे युग सुरू झाले. आपल्या देशात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि या औषधांचे उत्पादन देशातच होऊ लागले. न्युमोनिया, विषमज्वर, चिघळलेल्या जखमा असे एके काळी जिवावर बेतणारे कित्येक आजार या व अशा औषधांमुळे आटोक्यात आले.

मात्र या औषधांना एक मोठी मर्यादा आहे. ती जीवाणूंना मारतात. विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. गोवर, कांजिण्या, पोलिओ, इन्फ्लुएंझा, रेबीज, एड्स, हिपॅटायटिस बी म्हणजेच ब प्रकारची कावीळ आणि अलीकडच्या काळात सर्व जगाला हादरवून सोडणारा कोविड हे सर्व विषाणूंमुळे होणारे रोग आहेत. साध्या सर्दीपडशावर प्रतिजैविकांच्या गोळ्या घेऊन उपयोग होत नाही, तो याच कारणामुळे.

विषाणूंना लगाम कसा घालावा, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना अनेक दशके बेचैन केले. लसी तयार झाल्या आणि त्यांनी कोट्यवधी प्राण वाचविले. परंतु लस ही रोग होण्यापूर्वी टोचावयाची असते. एकदा विषाणू शरीरात शिरून ठाण मांडून बसला, तर त्याची वाढ थांबविण्यासाठी काय करावे? या प्रश्नाची जी उत्तरे पुढे आली, त्यांपैकी एक फार कल्पक आहे. प्रयोगशाळेत तयार केलेल्या डी.एन.ए.च्या आखूड धाग्याने विषाणूचा संदेशच अडवावयाचा, असा हा उपाय आहे. तो समजून घेण्यासाठी प्रथम पेशीच्या आत काय चालते हे पाहणे अगत्याचे आहे.

पेशीचे दप्तर

माणसाचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. या प्रत्येक पेशीची तुलना एखाद्या सुव्यवस्थित कचेरीशी करता येईल. कचेरीत मूळ नोंदवह्या कुलूपबंद कपाटात असतात. कोणाला काही नोंद हवी असली, तर मूळ वही बाहेर नेली जात नाही. तिची नक्कल करून दिली जाते आणि त्या नकलेवरून पुढचे काम होते. पेशीचाही कारभार असाच चालतो. तिच्या केंद्रकात डी.एन.ए. नावाची मूळ नोंदवही असते. एखादे प्रथिन तयार करावयाचे असेल, तेव्हा त्या नोंदवहीतील तेवढ्याच भागाची नक्कल निघते. या नकलेला संदेशवाहक आर.एन.ए. असे म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाचे सूक्ष्म कारखाने ती वाचून त्याबरहुकूम प्रथिन घडवितात.

ही सारी नोंदवही केवळ चार अक्षरांत लिहिलेली असते. अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन ही ती चार अक्षरे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ए, टी, जी आणि सी असे म्हणतात. आर.एन.ए.मध्ये थायमीनच्या जागी युरॅसिल, म्हणजे यू, हे अक्षर येते. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ साली डी.एन.ए.ची रचना उलगडून दाखविली, तेव्हा या अक्षरांचा एक अत्यंत साधा नियम स्पष्ट झाला. ए समोर नेहमी टी किंवा यू येते आणि जी समोर नेहमी सी येते. साचा आणि त्यातून काढलेली मूर्ती ही जशी एकमेकांत अचूक बसतात, तसेच समोरासमोरच्या अक्षरांचे दोन धागे एकमेकांना घट्ट बिलगतात. एका धाग्यावरील अक्षरे ठाऊक असली, की दुसऱ्यावर कोणती अक्षरे असणार हे शाळेतील मूलदेखील सांगू शकेल.

विषाणूला मात्र स्वतःची अशी कचेरी नसते आणि कारखानाही नसतो. तो म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला डी.एन.ए.चा किंवा आर.एन.ए.चा एक तुकडा. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्याच चुलीवर, त्याच्याच सरपणावर आपला स्वयंपाक उरकणाऱ्या आगंतुकासारखे त्याचे वर्तन असते. तो पेशीत शिरतो, आपला संदेश तिच्या कारखान्यापुढे ठेवतो आणि कारखाना तो संदेश आपलाच समजून विषाणूची प्रथिने घडवू लागतो. थोड्याच वेळात एका विषाणूचे शेकडो विषाणू होतात. विषाणूंवर औषध शोधणे अवघड का, याचे उत्तर येथेच आहे. चूल मोडावी तर घरधनीही उपाशी राहतो. विषाणूचे काम तर थांबले पाहिजे आणि पेशीचे काम तर चालू राहिले पाहिजे, अशी ही दुहेरी अट आहे.

कोंबडीचा रोग आणि तेरा अक्षरे

या अटीतून वाट काढणारा प्रयोग अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झाला. पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन या शास्त्रज्ञांनी तो केला आणि १९७८ च्या जानेवारीत त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. झामेक्निक हे पेशीतील प्रथिननिर्मितीचे गाढे अभ्यासक होते.

त्यांनी प्रयोगासाठी निवडलेला विषाणू कोंबड्यांना होणाऱ्या एका कर्करोगाचा होता. पेटन राऊस यांनी १९११ साली तो शोधून काढल्यामुळे त्याला राऊस सार्कोमा विषाणू म्हणतात. या शोधाबद्दल राऊस यांना पंचावन्न वर्षांनी, १९६६ साली, नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचा संदेश आर.एन.ए.च्या धाग्यावर लिहिलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना तीच ती अक्षरे पुन्हा आलेली असतात, हे १९७७ च्या सुमारास उघडकीस आले होते. नव्या विषाणूच्या घडणीत ही टोके महत्त्वाची असावीत, असा झामेक्निक यांचा तर्क होता.

त्या टोकाशी नेमका जुळेल असा डी.एन.ए.चा तेरा अक्षरांचा धागा त्यांनी घेतला. त्यावरील अक्षरे अशी होती : ए ए टी जी जी टी ए ए ए ए टी जी जी. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे त्याच्या समोर विषाणूची यू यू ए सी सी ए यू यू यू यू ए सी सी ही अक्षरे यावयास हवीत आणि विषाणूच्या धाग्यावर ती तशी होतीच. कोंबडीच्या गर्भातील पेशी काचपात्रात वाढवून त्यांना या विषाणूचा संसर्ग करण्यात आला आणि हा आखूड धागा त्यांत मिसळण्यात आला. परिणाम लक्षणीय होता. नवीन विषाणूंची निर्मिती मोठ्या प्रमाणात घटली आणि पेशींचे कर्करोगाच्या पेशींत होणारे रूपांतरही रोखले गेले. गव्हाच्या अंकुरापासून काढलेल्या द्रवात प्रथिने तयार करण्याची एक रीत प्रयोगशाळेत वापरली जाते. तेथेही हा धागा टाकल्यावर विषाणूच्या संदेशाचे वाचन थांबल्याचे दिसून आले.

मूळ संदेशाच्या उलट अक्षरांचा असल्यामुळे अशा धाग्याला अँटिसेन्स, म्हणजे उलट अर्थाचा धागा, असे नाव पडले. नकलेवर तंतोतंत बसणारी पट्टी चिकटवून टाकली, म्हणजे ती नक्कल कोणाला वाचता येत नाही. हा धागा विषाणूच्या संदेशावर तशीच पट्टी चिकटवितो.

धाग्याला बळकटी

कल्पना सुंदर असली, तरी ती व्यवहारात आणताना एक अडचण उभी राहिली. आपल्या रक्तात आणि पेशींत परक्या धाग्यांचे तुकडे करणारे एंझाइम सतत गस्त घालीत असतात. साधा डी.एन.ए.चा आखूड धागा त्यांच्या हाती लागला, की काही मिनिटांतच त्याची वासलात लागते. ही कुरतड मुख्यतः टोकांकडून सुरू होते. झामेक्निक आणि स्टीफन्सन यांना याची कल्पना होती. म्हणून त्यांनी दोन्ही टोकांना रासायनिक गट जोडून ती बंद केलेला धागाही वापरून पाहिला आणि तो साध्या धाग्याहून अधिक परिणामकारक ठरला. दोरीचा पीळ सुटू नये म्हणून शेतकरी तिच्या टोकाला गाठ मारतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढे याहून चांगली युक्ती हाती आली. धाग्यातील प्रत्येक दोन अक्षरांना जोडणाऱ्या दुव्यात फॉस्फरसला लागून ऑक्सिजनचे अणू असतात. त्यांतील एका अणूच्या जागी गंधकाचा अणू बसविला, तर तो दुवा एंझाइमांना सहजासहजी तोडता येत नाही. अशा दुव्याला फॉस्फोरोथायोएट म्हणतात. यानंतरच्या पिढीतील धाग्यांत दोन्ही टोकांकडील अक्षरांच्या शर्करेतही बदल करण्यात आला. त्यामुळे धागा अधिक काळ टिकू लागला आणि संदेशाला अधिक घट्ट बिलगू लागला.

या धाग्यांना पेशीतूनच एक अनपेक्षित साथीदारही मिळाला. डी.एन.ए. आणि आर.एन.ए. एकमेकांना बिलगलेले दिसले, की त्यातील आर.एन.ए. तेवढा कापून टाकणारे एक एंझाइम आपल्या पेशींत असते. त्याला आर.एन.एज एच म्हणतात. औषधी धागा विषाणूच्या संदेशाला चिकटला, की हे एंझाइम येते, संदेशाचे तुकडे करते आणि धागा मोकळा होतो. मोकळा झालेला धागा दुसऱ्या संदेशाचा शोध घेऊ लागतो. अशा रीतीने एकच धागा एकापाठोपाठ अनेक संदेश निकामी करू शकतो.

अक्षरांची मोजदाद

धागा किती लांबीचा असावा, यामागे एक सोपे गणित आहे. शिक्षकांना ते वर्गात मांडून दाखविता येईल. अक्षरे चार असल्यामुळे एका जागी चार पर्याय, दोन जागी चार गुणिले चार म्हणजे सोळा पर्याय, तीन जागी चौसष्ट, असा हा हिशेब वाढत जातो. तेरा जागांसाठी सुमारे ६ कोटी ७१ लाख वेगवेगळ्या जुळण्या होतात. ही संख्या मोठी वाटली, तरी मानवी डी.एन.ए.मध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. म्हणजे तेरा अक्षरांचा एखादा क्रम माणसाच्या स्वतःच्या नोंदवहीतही योगायोगाने अनेक ठिकाणी सापडू शकेल आणि विषाणूऐवजी आपल्याच एखाद्या संदेशावर पट्टी चिकटण्याचा धोका राहील. हीच लांबी वीस अक्षरांची केली, तर पर्यायांची संख्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होते. मग तोच क्रम अन्यत्र योगायोगाने येण्याची शक्यता फारच कमी उरते. औषध म्हणून तयार झालेले असे धागे बहुधा वीस अक्षरांच्या आसपासचे असतात, ते यासाठीच.

हवा तो धागा हव्या त्या अक्षरांत तयार करता येणे, ही या संपूर्ण विद्येची पहिली अट होती. ती पूर्ण करणाऱ्यांच्या मालिकेत एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचे स्थान फार वरचे आहे. अविभाजित पंजाबातील रायपूर या लहानशा खेड्यात जन्मलेले हरगोविंद खोराना यांनी डी.एन.ए. व आर.एन.ए.चे आखूड धागे रासायनिक रीतीने घडविण्याची पद्धत विकसित केली आणि त्यांच्या साहाय्याने प्रथिनांच्या सांकेतिक लिपीचा अर्थ लावला. १९६८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. पुढे त्यांच्या गटाने एक संपूर्ण जनुक प्रयोगशाळेत घडवून दाखविले. जे काम त्या काळी अनेक माणसांना अनेक वर्षे पुरत असे, तेच आज यंत्र काही तासांत करते. त्यामागे या पिढीची मेहनत उभी आहे.

पहिले औषध

१९७८ च्या प्रयोगानंतर प्रत्यक्ष औषध रुग्णांपर्यंत पोहोचण्यास वीस वर्षे लागली. २६ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फोमिव्हर्सेन या औषधाला मान्यता दिली. उलट अर्थाच्या धाग्याचे हे जगातील पहिले मान्यताप्राप्त औषध. गंधकाच्या दुव्यांनी बळकट केलेला हा एकवीस अक्षरांचा धागा होता.

ज्या रोगासाठी ते होते, तो रोग भयंकर होता. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू जगातील असंख्य माणसांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो आणि निरोगी माणसाला त्याचा सहसा उपद्रव होत नाही. परंतु एड्समुळे ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळली, अशा रुग्णांत तो उचल खातो आणि डोळ्यातील दृष्टिपटलावर हल्ला करतो. वेळीच आवर घातला नाही, तर रुग्ण आंधळा होतो. आधीच मृत्यूच्या छायेत असलेल्या तरुण माणसांवर अंधत्वाचे हे दुसरे संकट कोसळत असे. त्या वेळची औषधे शिरेतून वारंवार द्यावी लागत आणि कित्येकांना ती सोसवत नसत.

फोमिव्हर्सेन हे थेट डोळ्याच्या आतील पारदर्शक द्रव्यात टोचले जाई. एका वेळेची मात्रा केवळ ३३० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा सुमारे तिसरा हिस्सा, एवढी होती. आरंभी पंधरवड्याच्या अंतराने दोनदा आणि नंतर दर चार आठवड्यांनी एकदा ते देत. एका चाचणीत ज्यांना औषध लगेच देण्यात आले, त्यांच्यात रोग पुढे सरकण्यास लागणारा मध्यम काळ ७१ दिवस होता; ज्यांना ते उशिरा देण्याचे ठरले होते, त्यांच्यात तो अवघा १३ दिवस होता. दृष्टी जाण्याच्या वाटेवर असलेल्या माणसाला या अठ्ठावन्न दिवसांचे मोल काय असेल, ते वेगळे सांगावयास नको.

तरीही हे औषध फार काळ बाजारात राहिले नाही. १९९६ पासून एड्सवरील अनेक औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला. त्यामुळे रुग्णांची प्रतिकारशक्ती टिकून राहू लागली आणि डोळ्यांचा हा रोगच विरळा झाला. मागणी उरली नाही, तेव्हा २००२ साली युरोपातून आणि त्यानंतर अमेरिकेतूनही औषध मागे घेण्यात आले. औषध निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे, तर रोगाचे मूळ दुसऱ्या मार्गाने आवळले गेले म्हणून ते मागे पडले. रुग्णांच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट होय.

अपयशातून मिळालेले धडे

प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला, असे मात्र नाही. झामेक्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एड्सच्या विषाणूची वाढ काचपात्रातील पेशींत अशाच धाग्यांनी रोखून दाखविली होती. त्यावरून आशा पल्लवित झाल्या. परंतु पुढे एड्सच्या विषाणूविरुद्ध तयार केलेल्या एका धाग्याची माणसांवरील चाचणी १९९७ साली थांबवावी लागली. काही धागे संदेशाला चिकटण्याऐवजी प्रथिनांनाच चिकटतात, तर काही धागे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला उगाच चेतवितात, हेही त्या काळातील संशोधनात दिसून आले. प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम खरोखरच उलट अक्षरांमुळे झाला की अन्य कारणाने, हे ताडून पाहण्यासाठी अक्षरांची अदलाबदल केलेला दुसरा धागा सोबत वापरण्याची शिस्त त्यातून रुजली.

धागा शरीरात योग्य जागी पोहोचविणे हाही प्रश्न आहे. डोळा ही बंदिस्त जागा असल्यामुळे तेथे थेट टोचणे शक्य झाले. रक्तात टोचलेले धागे प्रामुख्याने यकृतात आणि मूत्रपिंडात जमा होतात. मेंदू, फुप्फुसे किंवा स्नायू यांपर्यंत ते पुरेसे जात नाहीत. म्हणूनच आज शास्त्रज्ञांचे विशेष लक्ष यकृताच्या रोगांकडे वळले आहे. मज्जारज्जूच्या एका घातक बालरोगावर २०१६ साली मान्य झालेले नुसिनर्सेन हे औषध याच जातीचे आहे. मात्र ते पाठीच्या कण्यातील द्रवात टोचावे लागते. तो रोग आनुवंशिक आहे, विषाणूंचा नव्हे. तथापि विषाणूंसाठी विकसित झालेली विद्या अन्य रोगांच्या कामी कशी येते, याचे ते बोलके उदाहरण आहे.

ब प्रकारची कावीळ आणि नवी आशा

यकृताच्या विषाणुजन्य रोगांत हिपॅटायटिस बी हा प्रमुख आहे. त्याचा विषाणू इतका सूक्ष्म आहे, की एका मिलिमीटरच्या अंतरात असे सुमारे चोवीस हजार विषाणू ओळीने बसतील. त्याची संपूर्ण नोंदवही अवघ्या ३,२०० अक्षरांची आहे. तरीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातील २५ कोटी ४० लाख माणसे या विषाणूचा जुनाट संसर्ग बाळगून होती आणि त्या एका वर्षात सुमारे ११ लाख माणसे त्यामुळे मृत्यू पावली. यकृत आक्रसून निकामी होणे आणि यकृताचा कर्करोग हे त्याचे परिणाम होत.

या रोगावर गोळ्या उपलब्ध आहेत व त्या गुणकारीही आहेत. परंतु त्या विषाणूला दडपून ठेवतात, समूळ घालवीत नाहीत; कारण त्याच्या नोंदवहीची एक प्रत यकृताच्या पेशींच्या केंद्रकात दडून राहते. तिच्यावरून संदेश निघतच राहतात आणि विषाणूची प्रथिने रक्तात इतक्या मोठ्या प्रमाणात येतात, की शरीराची प्रतिकारयंत्रणा जणू थकून जाते. म्हणून बहुतेकांना या गोळ्या दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर, घ्याव्या लागतात.

या विषाणूच्या संदेशांवर पट्टी चिकटविणारा वीस अक्षरांचा एक धागा तयार झाला आहे. त्याचे नाव बेपिरोव्हर्सेन. त्याच्या मधल्या दहा अक्षरांवर आर.एन.एज एच काम करते आणि दोन्ही बाजूंची पाच-पाच अक्षरे बदललेल्या शर्करेमुळे कुरतडीपासून सुरक्षित राहतात. दर आठवड्यास एक याप्रमाणे चोवीस आठवडे ३०० मिलिग्रॅमची मात्रा त्वचेखाली टोचून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. उपचार संपल्यानंतर आणखी चोवीस आठवड्यांनीही सुमारे नऊ ते दहा टक्के रुग्णांच्या रक्तात विषाणूचे पृष्ठप्रथिन आणि डी.एन.ए. आढळले नाही. दहांतील एक हे प्रमाण वरवर अल्प वाटेल. परंतु जेथे अशी सुटका क्वचितच होते, तेथे ते महत्त्वाचे मानले गेले. ज्यांच्या रक्तात विषाणूचे प्रथिन आरंभीच कमी होते, त्यांच्यात परिणाम अधिक चांगला दिसला. २०२३ साली याहून मोठ्या, तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या सुरू करण्यात आल्या.

आज हाती असलेले उपाय

विज्ञानाची ही वाटचाल आशादायक आहे. परंतु नव्या औषधाची वाट पाहत आज हाती असलेले उपाय दुर्लक्षिणे हितावह नाही. अमुक इंजेक्शनाने किंवा अमुक काढ्याने हिपॅटायटिस बी मुळापासून जातो, अशी हमी देणाऱ्या जाहिरातींपासून जनतेने सावध राहावे.

आपल्याकडे कावीळ हा एकच शब्द अनेक रोगांना लावला जातो. दूषित पाण्यामुळे व अन्नामुळे होणारी अ आणि ई प्रकारची कावीळ वेगळी आणि रक्तावाटे पसरणारी ब प्रकारची कावीळ वेगळी. ब प्रकारच्या संसर्गात पुष्कळदा डोळे पिवळेही होत नाहीत. वर्षानुवर्षे काही लक्षण दिसत नाही आणि आत यकृताचे नुकसान होत राहते. म्हणून रक्ततपासणी हाच ओळखण्याचा खात्रीचा मार्ग होय.

हा विषाणू दूषित सुया, वापरलेली पाती व वस्तरे, जत्रेतील गोंदणाच्या व कान टोचण्याच्या अस्वच्छ सुया, न तपासलेले रक्त आणि असुरक्षित शरीरसंबंध यांवाटे पसरतो. शरीराबाहेरही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. मात्र एका पंक्तीला जेवल्याने, एका घरात राहिल्याने, हात हातात घेतल्याने किंवा एकाच बाकावर बसल्याने तो पसरत नाही. अशा रुग्णाला वेगळे ताट देणे, मुलाला शाळेत दूर बसविणे किंवा सुनेला माहेरी पाठविणे हे अज्ञानाचे व अन्यायाचे लक्षण आहे. शिक्षकांनी आणि गावातील जाणत्या मंडळींनी याबाबत लोकांची समजूत घालणे आवश्यक आहे.

सर्वांत मोठा धोका असतो तो बाळंतपणाच्या वेळी. आईकडून बाळाला संसर्ग झाला, तर अशा बालकांपैकी सुमारे ९५ टक्क्यांत तो कायमचा वस्तीला राहतो. प्रौढपणी संसर्ग झाल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी असते. म्हणून गरोदर स्त्रीने आपल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी, प्रसूती रुग्णालयातच व्हावी आणि जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळाला हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्यावी. त्यानंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लसीच्या मात्रांतून हेच संरक्षण पुढे चालू राहते. भारतात या लसीकरणाचा आरंभ २००२ साली प्रायोगिक स्वरूपात झाला आणि २०११ पासून ते देशभर लागू करण्यात आले. ही लस सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली रोगनिदान आणि औषधोपचार यांचीही मोफत सोय करण्यात आली आहे. त्याची माहिती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे मिळू शकेल.

एका कोंबडीच्या रोगावर तेरा अक्षरांचा धागा टाकून पाहणाऱ्या दोन संशोधकांच्या कामाला आता पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या धाग्याने एका पिढीतील काही रुग्णांची दृष्टी काही काळ राखली आणि आज तो कोट्यवधी यकृतरुग्णांच्या आशेचा विषय झाला आहे. उद्या जन्मणाऱ्या बालकाला मात्र या धाग्याची गरजच पडू नये, हे पाहणे आपल्या हाती आहे. त्यासाठी पहिल्या चोवीस तासांतील एक टोचणी पुरेशी मोलाची आहे.